पूर्वेकडची तबकडी

"मागे कुणी राहिलं नाही ना? बघा हं, हरवलेल्यांना आम्ही पुढच्या गाडीत बसवून देतो!"

गाईड मुलीच्या विनोदावर मंडळी हसली. घड्याळमास्तर तेवढे हसले नाहीत. कमानी बघून झाल्या, दगडी सिंह झाले, पहिल्या वर्गाची प्रतीक्षालयं झाली. आता घड्याळच उरलं होतं. त्यांनी तिसऱ्यांदा रुमालाने मान पुसली.

"बाबा, बरं वाटत नाहीये का?" लेकीने हळूच विचारलं. या फेरीची तिकिटं तिनेच काढली होती. एकतीस वर्षं बाबांनी या स्टेशनच्या घड्याळाला किल्ली दिली. एकदा पाहुण्यासारखं मिरवू दे त्यांना, एवढाच तिचा हेतू.

"पाय भरून आलेत. निघू या का?"

"आत्ता? तुमचं घड्याळ आल्यावर? काहीतरीच बाबा तुमचं!"

मनोऱ्याखाली मुलगी थांबली. "आता नीट बघा. चारही बाजूंना तबकड्या. पण फलाटाकडे तोंड असलेली ही पूर्वेकडची बरोब्बर चार मिनिटं मागे. का? तर बांधणाऱ्याने मुद्दाम तशी ठेवली. निरोप घेणाऱ्यांना चार मिनिटं जास्त मिळावीत म्हणून!"

"अय्या, किती गोड!" कुणीतरी म्हणालं. भिंतीवर तीच गोष्ट कोरलेली नवीकोरी पितळी पाटी चकाकत होती.

मास्तरांना खरं ठाऊक होतं. बांधणारा बिचारा यात कुठेच नव्हता. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी तेलपाणी करताना त्यांच्या हातून पाना निसटला, मोठ्या काट्यावर आदळला आणि काटा चार मिनिटं मागे सरकला. घाबरून त्यांनी तो तसाच आसावर पाचर ठोकून पक्का केला. इतका पक्का, की काटा फिरत राहिला, पण ती चार मिनिटं पुन्हा भरून काढता येईनात. साहेबांना सांगायचा धीर झाला नाही. पुढच्याच आठवड्यात या तबकडीसमोरच्या बाकावर एक बाई डोकं धरून बसलेली दिसली. घड्याळाच्या भरवशावर निवांत बसली होती. गाडी डोळ्यांदेखत गेली. गावी वडील शेवटच्या घटका मोजत होते. मास्तरांनी तिला पाणी आणून दिलं. बाकी काही बोलले नाहीत.

"अहो, माझे बाबाच किल्ली द्यायचे याला!" लेकीने सांगून टाकलं.

टाळ्या पडल्या. गाईड मुलगी हरखली. "खरंच? मग काका, तुम्हीच सांगा ना. खरी ना ही गोष्ट?"

वीस चेहरे वळले. लेकीचा सगळ्यांत उजळ. मास्तरांनी घसा खाकरला. आता सांगायचं. आत्ताच.

"हो," ते म्हणाले. "जुनी गोष्ट आहे."

मग पाटीशेजारी उभं करून सगळ्यांनी त्यांचे फोटो काढले. "हसा की बाबा, परीक्षेला बसल्यासारखे काय उभे राहिलात!" लेक म्हणाली. मास्तरांचं लक्ष तिच्याकडे नव्हतं. त्याच बाकावर एक म्हातारी दोन पिशव्या पायाशी ठेवून वर घड्याळाकडे बघत होती. समोर गाडी उभी होती.

ते तसेच फोटोतून बाहेर पडले.

"पाचची गाडी ना तुमची?"

"हो. आहेत की अजून सहा मिनिटं. गर्दी ओसरली की चढते."

"त्या घड्याळावर जाऊ नका, बाई. चार मिनिटं मागे आहे ते."

"अगं बाई! कुणी करून ठेवलंय हे असलं?"

"मी."

म्हातारीने त्यांना नखशिखांत न्याहाळलं. "मग बघताय काय? उचला ती पिशवी!"

मास्तर धावले. म्हातारीला डब्यात चढवलं, मागून पिशव्या दिल्या, तोच पाचाचे टोल पडले. टोलांनी कधीच दगा दिला नव्हता. गाडी हलली.

"बाबा! अहो, कुठे गेलात? एक फोटो राहिलाय!"

मास्तर धापा टाकत फलाटावर उभे होते. वर पूर्वेकडच्या तबकडीत पाचाला अजून चार मिनिटं होती.