एक टाळी जास्त

टाळ्या पुन्हा दोन पडल्या. "ल्यू-न!" भिंतीपलीकडे ओदीलच्या वर्गातली पोरं ओरडली. चंद्राच्या त्याच फ्रेंच शब्दाला माझ्या वर्गाने "ल्यून!" म्हणत एकच टाळी दिली आणि सगळी खिदळायला लागली.

पहिलीला आम्ही शब्द टाळ्यांवर तोडून शिकवतो, एका तुकड्याला एक टाळी. ओदील फ्रान्सच्या दक्षिणेतली, बेझियेची. तिकडे शब्दाचं शेपूट, शेवटचा हलका स्वरही, उच्चारतात, आम्ही उत्तरेतले ते गिळून टाकतो. सप्टेंबरात ती आमच्या शाळेत आली तेव्हापासून मला एकच कुतूहल होतं: लिहायला शब्द तोच, मग बरोबर कोण?

"दोघी बरोबर, गिस्लेन," ती म्हणायची. "तुम्ही जरा चिक्कू, एवढंच!"

पण पालक कुरकुरायला लागले. मुख्याध्यापक देलात्र मधल्या सुट्टीत माझ्यादेखतच तिला म्हणाले, "बाई, इथं एकच टाळी. जमत नसेल तर तुम्हाला वरचा वर्ग देतो."

पोर आयुष्यातला पहिला शब्द वाचतं, तेव्हाचा त्याचा चेहरा बघायला ओदील जीव टाकायची. पहिलीचा वर्ग तिला सोडायचाच नव्हता. ती घरी आरशासमोर बसून शेपटं गिळायला शिकली. ईस्टरपर्यंत दोन्ही वर्गांच्या टाळ्या जुळल्या. देलात्र खूश झाले. मला मात्र चुकल्याचुकल्यासारखं वाटायचं.

एका सोमवारी जेवताना तिने सूपचा चमचा खाली ठेवला.

"काल बहिणीचा फोन होता. म्हणाली, 'अगंबाई, तू तर टोकदार बोलायला लागलीस!'"

आमच्या बोलण्याला तिकडे टोकदार म्हणतात.

"मग तूही उलट चिडवलंस की नाही तिला?"

"आधी हसत होती गं. मग म्हणाली, 'तू बोललीस की आई बोलल्यासारखं वाटायचं. आता आई कुठं ऐकू?'"

मला फार वाईट वाटलं. मी नुसता पाव मोडत राहिले.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी फळा पुसत होते. पलीकडे ओदीलच्या रिकाम्या वर्गात टाळ्या वाजल्या, सावकाश. "ओ-दील." दोन. आम्ही तिला हाक मारतो तशा. पुन्हा दोन. मग अगदी हलक्या तीन, "ओ-दी-ल."

मी डस्टर ठेवलं आणि भिंतीजवळ गेले. माझ्या उत्तरेच्या तोंडाला ते शेपूट काही जमलं नाही, पण टाळ्या मी तीन दिल्या.