कुंपणाबाहेरचे करांदे

"कोंबडी," जोसेफनं फादरना सांगितलं. "शेजारणीची. अंगणात आली म्हणून कापली आणि शिजवली."

"किती काळापूर्वी?" फादर सिजोंनी विचारलं.

जोसेफ खाटेवर वाकला. ठमी डोकरीला दोन्ही डोळ्यांनी दिसत नव्हतं आणि एकाच कानानं ऐकू येत होतं, आणि तो कान नेमका भिंतीकडे होता. कुडाच्या भिंतीत जवळजवळ डोकं खुपसून त्यानं विचारलं. डोकरी बराच वेळ ओठ चघळत राहिली.

"रस्ता नवता तवा," ती म्हणाली.

"रस्ता नव्हता तेव्हा, फादर."

फादरनी समजल्यासारखी मान हलवली. केरळहून आलेल्या माणसाला या भागातला कुठला रस्ता केव्हा झाला हे माहीत असण्याचं कारण नव्हतं. इथल्या लोकांनाही कुठला झाला आणि कुठला नुसता कागदावर झाला हे छातीठोक सांगता येत नाही.

कोंबडीच्या आधी ताडी होऊन गेली होती, सुनेला मारलेली लाथ होऊन गेली होती, आणि बाप्तिस्मा घेतल्यानंतरही वाघदेवाला गुपचूप वाहिलेला नारळ होऊन गेला होता. नारळाचं नाव ऐकून फादरच्या चेहऱ्यावर, का कोण जाणे, थोडी माया आली होती.

फादर सिजो मराठी पुण्यात शिकले होते, पुस्तकातून. "आजी, आपली प्रकृती कशी आहे?" असं ते पाड्यावर विचारत, आणि आजी नातवाकडे बघत, की हा कुठल्या खात्याचा साहेब आला. ठमी म्हातारपणी ख्रिस्ती झाली होती. नाताळाआधी तिला पापनिवेदन करायचं होतं, तेही लवकर, कारण अन्न सुटून आठवडा झाला होता. पण तोंडात दात नाही आणि बोली डोंगरातली. फादरना तिच्या बोलण्यातलं 'देव' एवढंच कळे. अशा वेळी दुभाष्या चालतो, असा चर्चचा नियम आहे. फादरनी जोसेफला निवडलं, कारण त्याला ती बोली येत होती. जोसेफ रविवारी बोईसरच्या चर्चमध्ये बायबलचं पहिलं वाचन करी, आणि उरलेला आठवडा एमआयडीसीतल्या रंगाच्या कंपनीत पंप चालवी. पंपाच्या घरघरीत आयुष्य गेलेला माणूस सहसा कमी बोलतो. बोलून उपयोग नसतो, हे त्याला लवकर कळतं.

"एक लक्षात ठेव," फादर बेटेगावला त्याच्या दारात येऊन म्हणाले होते. "तू जे ऐकशील ते तुझ्याबरोबर थडग्यात जाईल. धर्मगुरूला जो नियम, तोच दुभाष्याला. बायकोला नाही, कोणाला नाही."

जोसेफ हो म्हणाला. मग फादरनी पाड्याचं आणि डोकरीचं नाव सांगितलं. तेव्हाच 'दुसऱ्या कोणाला न्या' म्हणायला हवं होतं. त्याऐवजी त्यानं, गाडीत पेट्रोल आहे ना, असं विचारलं.

तो त्याचाच पाडा होता. मनोरच्या पुढे, हायवे सोडून आत. तिथं त्याचं नाव जिवल्या होतं. तिथूनच त्याच्या आईला, रखमाला, भुताळी म्हणून दगड मारून हाकललं होतं, कारण ठमीचं दूधपितं पोर मेलं आणि ते रखमानं खाल्लं असं भगतानं, पाड्याच्या मांत्रिकानं, सांगितलं. रखमा जिवल्याचा हात धरून डोंगर उतरली. मिशनच्या वसतिगृहात जिवल्याचा जोसेफ झाला. पुढे नोकरी लागल्यावर त्यानं आईला घरी आणलं. आता त्याला जिवल्या म्हणणारं जगात एकच माणूस होतं. लोकांना तो सांगे की बाप साप चावून मेला आणि आई पोटासाठी खाली आली. दोन्ही खरं होतं. मधलं तेवढं गाळलेलं होतं.

त्या सकाळी त्याच्या तान्ह्या नातीला ताप होता. सून दीपा तिला घेऊन आतल्या खोलीत बसली होती आणि रखमा बाहेर पडवीत; फादरनी दारात घेतलेलं ठमीचं नाव तिनं तिथूनच ऐकलं होतं. जोसेफच्या घरात लहान मूल आजारी पडलं की आई पडवीत असे. किंबहुना मूल लहान असेपर्यंतच ती पडवीत असे. आईला खोकला आहे, बाळाला लागेल, असं जोसेफनं त्याचं पहिलं मूल जन्मलं तेव्हाच ठरवून टाकलं होतं. रखमाला खोकला कधीच नव्हता.

"आणखी काही?" फादरनी विचारलं.

"आजून काय हाय?" जोसेफनं भिंतीत विचारलं.

बाहेर ठमीचा धाकटा मुलगा लाकडं फोडत होता. कुऱ्हाडीचे दोन घाव ऐकू आले.

"हाय," ती म्हणाली. "माझा एक पोर मेला. आंगावर पिता. सगली बोलली, रखमानं खाल्ला."

जोसेफनं कान तिच्या तोंडाशी नेला.

"रखमानं नाय खाल्ला. मी ताडी पाजली त्याला. लय रडं. मला भाताच्या लावणीला जायचं व्हतं. बोलली, निजंल. आली तं थंड."

घाव. मग पुन्हा घाव.

"नवऱ्यानं मला कोयत्यानं तोडली आसती. भगतानं पुसलं, पोराला कोण घेतं? मी बोलली, रखमा. घेत व्हतीच ती. माझं दूध आटलेलं. तिच्याच आंगावर पियाचा."

"तिचंच नाव का घेतलं?" जोसेफनं विचारलं. हा प्रश्न फादरनी विचारलेला नव्हता.

"नवरा मेलेला तिचा. भाऊ नाय. तिच्यासाठी काठी कोण उचलणार?"

इतकं सोपं होतं ते. एका बाईला कोणी नव्हतं, म्हणून ती चेटकीण होती.

"काय म्हणाली?" फादरनी विचारलं.

जोसेफनं गोधडीची कड सारखी केली.

"जोसेफ? काय म्हणाली ती?"

आणखी एक कोंबडी, असं म्हटलं असतं तरी चाललं असतं. फादरनी कोंबडीची क्षमा केली असती आणि डोकरी ते पोर आणि ती रखमा पोटात तशीच घेऊन वर गेली असती. जगात ही गोष्ट तिघांनाच ठाऊक झाली असती: ती, जोसेफ आणि देव. त्यातली एक मरायला टेकलेली, दुसऱ्याच्या तोंडाला कुलूप आणि तिसरा या भागात फारसा बोलत नाही. पंपाचं एक असतं, इकडून आलेलं तिकडे गेलंच पाहिजे. मध्ये अडवलं तर फुटतं ते पंपाचंच अंग. जोसेफनं खालच्या मातीकडे बघत सगळं सांगितलं. ताडी, लावणी, भगत, रखमा. एकही शब्द गाळला नाही. 'रखमा' म्हणताना तेवढा त्याचा आवाज फाटला. फादरना वाटलं, भिंतीतल्या धुळीनं.

फादरनी क्रुसाची खूण केली. मग म्हणाले, "तिला सांग, देव क्षमा करतो. पण शक्य असेल तर तिनं हे पाड्यासमोर सांगावं. स्वतःच्या तोंडानं. त्या बाईचं नाव स्वच्छ व्हावं."

फादरनी हे एकदा सांगितलं. जोसेफनं त्याचं दोनदा भाषांतर केलं. दुसऱ्यांदा जरा जोरात.

"आता धाकल्याबिगर घरात कोण नाय," डोकरी म्हणाली. "सकाळला पोरं इटभट्टीवरनं येतील. त्यांना बोलते, सगल्यांना बोलवा. सांगन. पाणी बंद केलं तरी सांगन. आता किती पाणी लागतं मला."

"उद्या सांगते म्हणते," जोसेफ म्हणाला.

"छान. त्या बाईचं कोणी आहे का? तिनं त्यांची क्षमा मागायला हवी. निदान मनातून."

जोसेफनं विचारलं.

"एक पोर व्हता," ठमी म्हणाली. "जिवल्या. जिता हाय का मेला, कोणाला ठावं. त्याची मापी मागते मी. तिची मागते. पण आयकतो कोण?"

तिचा हात गोधडीवर काहीतरी शोधत होता. पाणी असावं, किंवा माळ. तो जोसेफच्या मनगटाला लागला आणि तिथंच थांबला.

"आयकलं त्यानं," जोसेफ म्हणाला.

"काय सांगितलंस तिला?" फादरनी विचारलं.

"देव ऐकतो, असं."

दुभाष्या म्हणून त्यानं चुकीचं केलेलं भाषांतर एवढंच.

डोकरीनं मनगट सोडलं नाही. फादरनी तिच्या कपाळावर हात धरून पापक्षमेचे शब्द म्हटले, ते स्वतः, सावकाश, पुस्तकी मराठीत. त्या शब्दांना दुभाष्या लागत नाही. प्रायश्चित्त म्हणून प्रार्थनेचा एक 'नमो मारिया' दिला. तो तिला धड येत नव्हता. जोसेफनं एकेक शब्द सांगितला आणि ती मागून म्हणाली, लहान मुलं बाराखडी म्हणतात तशी.

परतताना मनोरला फादरनी चहासाठी गाडी थांबवली. पहिला घोट घेतात तोच त्यांचा फोन वाजला. ते ऐकत राहिले, "हो, हो" म्हणाले आणि फोन खिशात ठेवला.

"गेली," ते म्हणाले. "आपण निघालो आणि गेली. मुलगा पाणी द्यायला आत गेला तर... केवढी कृपा बघ. वेळेवर पोचलो."

जोसेफनं ग्लास खाली ठेवला. सकाळी भट्टीवरून पोरं येणार होती.

"फादर, तिनं सांगितलेलं आता आपण सांगितलं तर? पाड्यात जाऊन? एखाद्याचं नाव साफ होत असेल तर?"

"नाही."

"ती सांगणारच होती."

"सांगणार होती ते ती. आपण नाही."

"ती दुसरी बाई जिवंत असेल तरी? तिला एकटीला?"

फादरनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर एक प्रश्न आला, आणि तो विचारायची परवानगी त्यांनाही नव्हती.

"तरी नाही, जोसेफ," ते म्हणाले, आणि चहाचे पैसे देताना दोन ग्लासांऐवजी चार ग्लासांचे देऊन बसले. बेटेगाव येईपर्यंत त्यांनी गाडी इतकी हळू चालवली, की मागचे ट्रकवाले हिंदीतून त्यांच्या आईची चौकशी करून पुढे गेले.

रखमा पडवीत बसून टोपल्यात करांदे, रानातले कंद, निवडत होती. उकडलेले, अजून वाफ येणारे. माती लागलेले आणि किडके ती बाजूला काढत होती.

"जिती हाय ठमी?" तिनं वर न बघता विचारलं.

"गेली. आमी निगाल्यावर."

रखमानं एक किडका करांदा बाजूला टाकला. "काय बोलली?"

"सांगता येत नाय, आये."

"माझं नाव काढलं?"

"सांगता येत नाय."

तिनं वर पाहिलं. कंपनीत बॉयलरकडे बघावं तसं जोसेफ टोपल्याकडे बघत होता, आत किती दाब आहे याचा अंदाज घेत.

"तं नको सांगू," ती म्हणाली. मग म्हणाली, "पोर गोरा व्हता तिचा. मुठी आवळून पियाचा."

जोसेफ पायरीवर बसला. ठमीचं सांगायला त्याच्या तोंडाला कुलूप होतं. पण दुसरं एक होतं, त्याचं स्वतःचं, आणि त्याला कुठल्याही फादरनी कुलूप लावलेलं नव्हतं. आजवर प्रत्येक नाताळाला आणि प्रत्येक ईस्टरला त्यानं पापं सांगितली होती; कंपनीतून आणलेला साबण, साहेबाला मनात दिलेल्या शिव्या. हे मात्र कधी नाही.

"आये. होस्टेलला तू करांदे आणायचीस. रविवारी."

"मंग."

"मी खाल्ले नाय. कधीच नाय. तू गेलीस का फेकायचो. कुंपणावरून." तो म्हणाला. "मला वाटायचं, पाड्यातले बोलतात ते खरं आसंल."

"ठावं हाय," रखमा म्हणाली.

"काय ठावं हाय?"

"जाताना कुंपणाभायेर पडलेले दिसायचे. आख्खेच्या आख्खे. येचून न्यायची मी. रातीला तेच खायाची."

"मग परत का आणायचीस?"

तिला हा प्रश्न जरा खुळा वाटला असावा. "एकांद येळेला खाशील," ती म्हणाली.

जोसेफनं टोपल्यातून एक करांदा उचलला. सालीसकटच तोंडात टाकला. कडवट होता, करांदा असतोच. त्यानं तो चावून गिळला. मग उठून आतल्या खोलीत गेला आणि दीपाच्या मांडीवरची मुलगी उचलली.

"बाबा, कुठं नेताय? अंग तापलंय तिचं," दीपा म्हणाली. "आणि पडवीत आजी आहेत. त्यांचा खोकला..."

"खोकला नाही तिला," जोसेफ म्हणाला. "कधीच नव्हता."

तो मुलीला घेऊन पडवीत आला आणि आईसमोर वाकला. रखमानं आधी नातवाच्या बायकोकडे पाहिलं, जी दारात येऊन उभी होती. मग जोसेफकडे. तिचे हात अर्धवट पुढे आले आणि तिनं ते मागे घेतले.

"थांब," ती म्हणाली. "हात धुते."

कोपऱ्यातल्या पिंपाशी जाऊन तिनं हात धुतले, कोपरापर्यंत. मग पुन्हा एकदा धुतले. पदराला पुसले, उजेडात धरून दोन्हीकडून पाहिले. जोसेफ मुलीला घेऊन तसाच वाकून उभा होता आणि कंबर दुखायला लागली तरी सरळ झाला नाही. रखमा परत येऊन भिंतीला टेकली, पाय लांब केले, आणि मांडीवर पदर पसरून त्याच्या सगळ्या सुरकुत्या नीट करीत बसली.