डाव्या खांद्यामागचे ठिपके

मी लेखणी बोलतेय. पण आधीच कबूल करून टाकते, म्हणजे तुम्ही हसायला मोकळे. मी स्वतःला लेखणी समजत होते, हाच माझा पहिला मूर्खपणा. सहा वर्षांत मी एक अक्षर लिहिलेलं नाही. मी फक्त पुसत आले.

माझ्यात शाई नाही. एका काळ्या गुळगुळीत पाटीवर मी फिरते आणि समोरच्या पडद्यावर काम उमटतं. कारखान्यात डब्यात बंद होताना वाटलं होतं, आता एखाद्या कवीच्या, गेलाबाजार चित्रकाराच्या तरी हाती पडेन. पडले ती ताईच्या हाती. ताई म्हणजे माझी मालकीण. चाळिशी ओलांडलेली, चष्मा डोक्यावर ठेवून घरभर चष्मा शोधणारी. विचार करताना ती मला अंबाड्यात खोचते, आणि मग मलाही शोधते.

ताईचं काम पाण्याखालचे फोटो साफ करायचं. तिची नणंद पाण्यात उतरून फोटो काढते. पाणी वरून कितीही निवळ दिसू दे, आत गाळ तरंगतच असतो. फ्लॅश पडला की त्याचा कण न् कण चमकतो, आणि फोटोवर कुणी मीठ सांडल्यासारखं दिसतं. तो एकेक कण टिपायचा, हा आमचा धंदा. शेजारचं निळं पाणी उचलायचं आणि ठिपक्यावर ठिगळ लावायचं. ठिगळ असं, की शिवण दिसता कामा नये.

मी त्यात तरबेज झाले. खोटं कशाला बोलू, गर्वही झाला. माशाच्या डोळ्यातली चमक ठेवून त्याच्या नाकावरचा कण उचलावा तर मीच.

मग वय झालं. टोक झिजलं. अंगावरचं बटण अडकायला लागलं. ताई करायला जायची एक, व्हायचं भलतंच. "हे पेन आता कामातून गेलं," म्हणत तिनं नवीन मागवलं, तेव्हा मला धडकी भरली. पण खरी भीती काय असते, ते मला अजून कळायचं होतं.

गेल्या महिन्यात एका पुस्तकाचं काम आलं. गावाबाहेरच्या मोठ्या तळ्यात एक जुना पूल बुडालाय, त्याचे फोटो. नणंद कॅमेरा घेऊन आणि ताईचा नवरा, म्हणजे नात्यानं माझे भावोजी, दिवा धरून. फोटोत माणूस असला की पूल केवढा ते कळतं, असं नणंदेचं म्हणणं. सकाळी दोघं बुडी मारायची, दुपारी फोटो ताईच्या टेबलावर.

पहिल्या दिवशी भावोजी म्हणाले, "आज टाकीतली हवा जरा लवकर संपली."

"संपणारच," ताई म्हणाली. "पोट बघा केवढं झालंय. त्यालाही श्वास लागतो."

दुसऱ्या दिवशी आणखी लवकर संपली. "दादा, तू खाली जाऊन भाषण देतोस का रे?" नणंद म्हणाली, आणि दोघी खिदळल्या.

तिसऱ्या दिवशी भावोजींनी काही सांगितलंच नाही. जेवताना दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही, एवढंच.

मला मात्र काहीतरी टोचत होतं. गाळाला शिस्त नसते, तो कुठेही असतो. पण तिन्ही दिवसांच्या फोटोंत काही बारीक पांढरे ठिपके भावोजींच्या डाव्या खांद्यामागेच होते. ते वळले की ठिपकेही वळलेले. तोंडाजवळून निघणारे श्वासाचे बुडबुडे मोठे असतात, घोसाघोसानं निघतात. ते ताई ठेवायची, शोभा येते म्हणून. हे बारके होते, गाळासारखेच. मी मुकाट्यानं पुसले. सांगणार कशी? आणि खरं सांगू, सांगता आलं असतं तरी मी तोंड उघडलं नसतं. नवीन पेन वाटेत होतं. अशा वेळी कोण तक्रार करतं?

चौथा दिवस शेवटचा. पुलाच्या कमानीखाली शिरायचं होतं. तिथे डोक्यावर दगड, काही झालं तर सरळ वर येता येत नाही. दोघं सकाळीच गेली. ताई आदल्या दिवशीचा राहिलेला फोटो संपवत बसली.

आमच्यात मूळ फोटोला हात लावत नाहीत. फोटो खाली, त्यावर कोऱ्या काचेसारखा एक थर, आणि ठिगळं त्या थरावर. प्रत्येक थराशेजारी एक चिमुकला डोळा असतो. तो मिटला की थर दिसेनासा होतो. ताईला टिचकी मारायची होती दुसरीकडेच. माझं बटण अडकलं आणि फोटोचाच डोळा मिटला.

भावोजी गेले. पूल गेला. पाणी गेलं. कोऱ्या पडद्यावर उरली फक्त आमची ठिगळं.

"मेलं हे पेन," ताई म्हणाली, आणि थांबली.

ठिगळं सगळीकडे विखुरलेली होती. पण मधेच एक रांग होती. मणी ओवावेत तशी, खालून वर, ठिगळाला लागून ठिगळ.

तिनं दुसऱ्या दिवशीचा फोटो उघडला, त्याचाही डोळा मिटला. तिथेही माळ, पण निम्मी. पहिल्या दिवशीच्या फोटोत चारच मणी. तिची बोटं गार पडली. ते सगळ्यात आधी मलाच कळतं. तिनं फोटो परत आणला आणि ठिगळं लपवली. पुसलेले ठिपके पुन्हा दिसायला लागले. पाठीवरच्या टाकीच्या तोंडाशी जिथे नळी बसवतात, तिथून निघून वर चाललेले. गाळ असा रांगेत जात नाही. रांगेनं वर जाते ती हवा.

"पोट नाही," ताई पुटपुटली. "अगं बाई, पोट नव्हतंच ते."

नवऱ्याला फोन लावला. नुसता वाजत राहिला. नणंदेचाही तसाच. तिनं सवयीनं मला अंबाड्यात खोचलं आणि स्कूटरची किल्ली उचलली. हेल्मेट विसरली. सिग्नलला थांबली तेव्हा ती मोठ्यानं बोलत होती, "चार. मग दहा. मग वीस. आज किती?" शेजारच्या रिक्षावाल्यानं रिक्षा जरा लांब घेतली.

तळ्याच्या धक्क्यावर नाववाला चहा पीत बसला होता.

"कुठेत?"

"खाली."

"कधी गेले?"

त्यानं कपात डोकावून पाहिलं. "अर्धा कप झाला."

धक्क्यावरून एक लोखंडी शिडी पाण्यात उतरते. घाईनं वर बोलवायचं तर तिच्यावर पहारीनं तीन ठोके, असं ठरलेलं. पाण्यात आवाज लांब जातो. ताईनं पहार उचलली. तीन ठोके. थांबली. तीन ठोके. वाकताना मी अंबाड्यातून सुटले, घरंगळले आणि दोन फळ्यांच्या फटीत अडकले, टोक खाली करून.

सहा वर्षं पाणी पुसलं, पण पाणी पाहिलं ते तेव्हा पहिल्यांदा. हिरवं होतं. आणि गाळ म्हणाल, तर पुसायला बसलं असतं तर सात जन्म पुरले नसते. मी त्यात एकच गोष्ट शोधत होते, ती माळ. जिला तीन दिवस वेचून वेचून मारलं, तिलाच आता हात जोडत होते: दिस, बाई, दिस. दिसत नव्हती.

ठोके. थांबणं. ठोके.

आधी नणंदेचं डोकं वर आलं. एकटीचंच. ताईच्या हातातली पहार हवेतच राहिली. किती वेळ गेला मला माहीत नाही. मग माझ्या टोकाखालून बारीक बुडबुडे सरसरत वर आले, दाट, दोरीसारखे, आणि त्यांच्यामागून भावोजी.

"काय झालं?" तोंडातली नळी काढत ते म्हणाले. "कमानीत शिरतच होतो."

टाकी फळ्यांवर ठेवली. नळीच्या जोडाला नणंदेनं नुसतं बोट लावलं, तर आतलं रबरी कडं फाटलं आणि उरलेली हवा अशी किंचाळत सुटली की नाववाल्याच्या हातून कप पडला.

"तीन दिवस पुसतेय मी ते," ताई म्हणाली. "इतकं छान पुसलंय हो, काय सांगू."

भावोजींनी टाकीकडे पाहिलं. "म्हणजे पोटाचा काही दोष नव्हता."

ताईच्या हातात अजून पहार होती. तिनं ती खाली ठेवली, हे त्यांचं नशीब.

आता मी खिडकीतल्या मगात असते, बोथट पेन्सिली आणि एका दात पडलेल्या कंगव्याच्या संगतीत. ताईनं मला फळ्यांच्या फटीतून उपसून घरी आणलं, टाकलं नाही. पहिले काही दिवस काम झालं की ती फोटोचा डोळा मिटून नुसती ठिगळं बघायची. परवा घाईत होती, राहून गेलं. काल विसरली. सोमवारी ती दोघं पुन्हा पाण्यात उतरणार आहेत.

म्हणून नवी लेखणी मगाशेजारी विसावली, तेव्हा मी तिला हे सगळं सांगितलं. म्हटलं, "पोरी, ठिपका पुसण्याआधी तो कुठून निघालाय ते बघ. आणि चुकून का होईना, एकदा तरी तो डोळा मिट गं."

तिनं शांतपणे ऐकून घेतलं. टोक कसं नुकतं तासल्यासारखं.

"माझं बटण अडकत नाही, मावशी," ती म्हणाली.