नळीच्या दुसऱ्या टोकाला

मित्रांनो, गॅरेजच्या फळीवर ग्रीसच्या डब्यामागे जुना कार्ब्युरेटर पडलाय ना, तो मी. मला भंगार म्हणू नका. माझ्यात काडीचाही बिघाड नाही. पण हे ओरडून सांगायला मला आवाज नाही, आणि तेच माझं दुखणं आहे.

माझा जन्म विलायतेतला. मला एक जुळा भाऊ आहे. आम्हा दोघांना एका लाल, दोन सीटच्या स्पोर्ट्स कारच्या इंजिनावर शेजारी शेजारी बसवलं. हवेत पेट्रोल मिसळून ते इंजिनाला भरवायचं, हे आमचं काम. पेट्रोल जास्त झालं की इंजिन काळा धूर ओकतं, कमी पडलं की आचके देतं. आणि दोघांनी हवा सारख्याच प्रमाणात ओढली नाही, तर पेट्रोल कमी-जास्त करणारा आमचा नट कितीही फिरवा, सगळं मुसळ केरात!

ती हवा मोजायला या गॅरेजच्या मिस्त्रींकडे यंत्र नव्हतं, हातभर रबरी नळी होती. एक टोक आमच्या तोंडाशी, दुसरं स्वतःच्या कानात. डोळे मिटून ते आधी माझी सूंऽऽ ऐकायचे, मग भावाची. हवेचा स्क्रू केसभर फिरवायचे आणि म्हणायचे, "हं, आता दोघं एका सुरात!" लांबलांबून लोक गाड्या घेऊन यायचे. म्हणायचे, "मिस्त्री, कान आहे की जादू!" मीसुद्धा फुशारून जायचो.

मग मिस्त्री लेकीला सारखं "काय म्हणालीस?" विचारायला लागले. लेक त्यांच्या हाताखालीच शिकलेली. ती म्हणाली, "बाबा, एकदा कान दाखवून या ना."

"माझ्या कानांना काय धाड भरलीय?" मिस्त्री खेकसले.

आमची गाडी महिन्यात तिसऱ्यांदा आली, तेव्हा मालकीणबाई वैतागल्या होत्या. "या वेळी जमलं नाही तर जो भाग खराब असेल तो काढून फेका," त्या म्हणाल्या.

भाऊ हवा कमी ओढत होता, मी जास्त. मी जीव तोडून सूंऽऽ केलं. मिस्त्रींनी नळी कानात धरली, मान हलवली, आणि माझाच नट फिरवला. धूर! उलटा फिरवला. आचके! "यालाच काहीतरी झालंय," ते पुटपुटले. अहो मिस्त्री, भावाचा स्क्रू! नुसता अर्धा फेरा!

लेक मागे उभी होती. तिनं हळूच ती नळी मधोमध मुठीत करकचून दाबली. आता नळीतून हवेचा कणही जात नव्हता. मिस्त्री डोळे मिटून ऐकत राहिले, मग म्हणाले, "हं, आता दोघं एका सुरात."

"बाबा," ती त्यांच्या कानाशी वाकली, "नळी माझ्या मुठीत आहे."

मिस्त्रींनी डोळे उघडून तिची मूठ पाहिली. ते हत्यारांच्या पेटीवर मटकन बसले. "कुणाला सांगू नकोस गं. कान गेला म्हटल्यावर मला कोण विचारणार?"

तेवढ्यात मालकीणबाई आल्या. मिस्त्रींनी नजर चुकवली. "तुमचा हा कार्ब्युरेटर गेलाय, बाई. नवा घालावा लागेल."

मी लेकीकडे आशेनं पाहिलं. तिला सगळं ठाऊक होतं. तिनं मान खाली घातली आणि पाना आणला.

माझ्या जागी नवा बसला. मिस्त्री हात धुवायला गेले, तेव्हा लेकीनं नळी स्वतःच्या कानात धरली आणि भावाचा स्क्रू अर्धा फेरा फिरवला. इंजिन कसं गुण्यागोविंदानं चालू लागलं! "बघा, नव्याची गोष्टच वेगळी," मालकीणबाई म्हणाल्या. बिघाड कुणाचा आणि खापर कुणाच्या डोक्यावर!

आता रोज सकाळी मिस्त्री मला फळीवरून खाली घेतात आणि पुसतात. माझ्या तोंडाशी नळी धरून ऐकत बसतात. इंजिनाशिवाय मला श्वास नाही, मी काय बोलणार? काल ते नळीला तोंड लावून म्हणाले, "चुकलो रे." मला फार रडू आलं.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी पुन्हा पुन्हा "काय म्हणालास?" विचारत असेल, तर त्यांना हसू नका. जवळ जाऊन सांगा, हात धरून डॉक्टरांकडे न्या. त्यांची लाज झाकायला गप्प मात्र बसू नका.

आज दारात एक हिरवी गाडी आलीय. तिच्या इंजिनावर आमच्यासारखेच दोघे जुळे आहेत. मिस्त्रींनी नळी कानात धरली आहे, आणि लेक आजही खाली बघतेय. पोरी, बोल गं! अजून नट फिरवलेला नाही. बोल!