मायरिकची गाठ

गाठ मोहरीच्या दाण्याहूनही बारीक होती आणि ती चुकली होती... अर्पेनिकने तो गोल रुमाल उजेडाकडे धरला. पाचव्या फेरीत एक कमान मोठी, पुढच्या दोन एकमेकींवर चढलेल्या, मग सबंध एक जागा रिकामी – मायरिकची, म्हणजे सासूबाईंची, सुई तिथून पुढे निघून गेली होती आणि मायरिकना कळलंही नव्हतं. कळणार कसं, दोन्ही डोळ्यांत आता धुक्याशिवाय काही उरलेलं नाही. आणि उसवायचीही सोय नाही. सुईच्या लेसचं हेच तर आहे, प्रत्येक फास गाठ मारून बांधलेला. मधोमध कात्री चालवा, बाकीची जाळी जागची हलत नाही. मग चूकही हलत नाही. तिने रुमालाची घडी केली आणि टेबलाखालच्या कापडी पिशवीत सरकवली, आधीच्या बावीस रुमालांवर.

आवाज न करता सरकवली, कारण मायरिक हातभर अंतरावर घडीच्या स्टुलावर बसल्या होत्या.

तीन वर्षं, एकेक रुमाल पुरा झाला की त्या रविवारी बाजार उठल्यावर घरी जाऊन सांगायचं, "मायरिक, तुमचा गेला. फ्रान्सच्या एका बाईने घेतला." त्या विचारायच्या, "घासाघीस केली?" नाही म्हटलं की, "मग शहाणी असणार." आणि लगेच नवा धागा मागायच्या. सगळं सुरळीत चाललं होतं. आज सकाळी मात्र झारुही मायरिक कोट घालून, पर्स काखेत मारून दारातच उभ्या राहिल्या – मला वेर्निसाजच्या बाजारात ने, माझी लेस कोण घेतं ते मला ऐकायचंय.

शेजारच्या टेबलावर लाकडी डाळिंबं मांडता मांडता गुर्गेन म्हणाला, "सासूबाई स्वतः दुकानावर! आज आमच्याकडे कोण फिरकणार?"

"तुझ्याकडे एरवी तरी कोण फिरकतं?" मायरिक म्हणाल्या.

गुर्गेन मनापासून हसला. भला माणूस, पण फाटक्या तोंडाचा. गेल्या हिवाळ्यात याच पिशवीला अडखळून पडला होता आणि आत काय आहे ते त्याने पाहिलं होतं. त्याची नजर आता टेबलाखाली गेली तशी अर्पेनिकने पिशवी पायानेच मागे लोटली आणि त्याच्याकडे असं पाहिलं की तो डाळिंबं पुसायला लागला.

मायरिकना कळलं तर त्या सुई खाली ठेवतील, अर्पेनिकला वाटलं. एवढंच होईल, आरडाओरडा नाही, रडणं नाही. सुई डबीत, डबी कपाटात, आणि मग खिडकीजवळच्या खुर्चीत नुसतं बसणं. सुई ठेवलेली बाई कशी दिसते ते मला ठाऊक आहे, मीच ती होते... त्या डिसेंबरात भूकंपाने गाव आडवं केलं, आई आणि धाकटी बहीण ढिगाऱ्याखाली राहिल्या, आणि आम्ही गावाबाहेर पत्र्याच्या डब्यासारख्या तात्पुरत्या घरात राहायला गेलो. लग्नाला आठ महिने झाले होते. दोन महिने मी तोंडातून शब्द काढला नाही. मग एके दिवशी ही स्टुलावर बसलेली बाई – तिचाही भाऊ गेला होता, तरी – शेगडीपाशी माझ्यासमोर येऊन बसली आणि माझ्या हातात सुई दिली. बोलू नकोस. रडायचं तर रड. पण सात फेऱ्या कर.

सात फेऱ्या केल्या. मायरिकनी बोट फिरवलं, म्हणाल्या, "तुझी गाठ झोपलीय, सूनबाई," आणि कात्रीने मधोमध कापलं. मधल्या गाठीपासून परत. अकरा वेळा! तेव्हा वाटायचं, कसाई आहे ही बाई. आणि तिचा राग करता करताच, अकराव्या वेळी, मला भूक लागली. भूक लागली आहे हे मी मोठ्याने म्हणाले. मायरिकनी लवाशच्या पातळ रोटीत चीज गुंडाळून हातात दिलं. त्यानंतर छत्तीस वर्षांत माझ्या कामाला त्या "बरं" याहून जास्त काही म्हणाल्या नाहीत. आणि तरी ते लवाश... त्याचे उपकार मी कुठे फेडणार?

"माझे कुठे मांडलेस?"

मायरिक उठून उभ्या होत्या. टेबलाची कड चाचपत त्यांचा हात लेसवर आला. टेबलावर मायरिकचा एकही नव्हता.

"हा तुझा," त्या म्हणाल्या. बोटं पुढे सरकली. "हाही तुझाच. घाईत केलायस, पाहुणे येणार होते की काय?" तिसऱ्यावरून हात तसाच गेला. गुर्गेन फडकं हातात धरून थांबला होता. चौथ्यावर बोटं थबकली. मधल्या गाठीवर टेकली, तिथून फेरी फेरीने बाहेर आली, कडेपर्यंत, आणि परत आत गेली.

"हा माझा."

तो अर्पेनिकने मागच्या महिन्यात केला होता. एकटीने, पहिल्या गाठीपासून.

म्हणजे बोटंही गेली का? की... छे. एका गाठीवरून शेजारणीची मनःस्थिती सांगणारी बोटं ती. मग ओळखूनच म्हणाल्या का, मला या खोट्यातून सोडवण्यासाठी? तिने मायरिकच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चेहरा उन्हाकडे होता, नेहमीसारखाच कडक, त्यावर काही वाचता येत नव्हतं.

"हो मायरिक," ती म्हणाली, "तुमचाच."

तीन वर्षं जिभेवर घोळवलेलं खोटं, पण आज ते तोंडातून बाहेर आलं आणि तिला खोटं वाटेना.

"मग गिऱ्हाईक नीट बघून दे," मायरिक म्हणाल्या आणि चाचपडत स्टुलावर बसल्या. "आणि धागा ओवून दे. रिकामी किती वेळ बसू?"

अर्पेनिकने सुई घेतली. डोळे भरून आले होते, नेढं दिसत नव्हतं, धागा दोनदा बाजूने गेला. मायरिक हात पुढे करून वाट बघत होत्या. घाई करावी असं तिला मुळीच वाटलं नाही.