गेदिसाला ठाऊक नसलेला प्राणी

विद्यार्थी आले सहा आणि त्यांच्या पिशव्या एकोणीस. ब्रिस्बेनच्या कुठल्याशा विद्यापीठातून ही मंडळी आमच्या डोंगरावर जंगल शिकायला आली होती. पहिल्या दिवशी जळवांना घाबरून त्यांनी आरोळ्या ठोकल्या, दुसऱ्या दिवशी जळवांचे फोटो काढले आणि तिसऱ्या दिवशी जळवांविषयी गेदिसाला माहिती सांगितली. गेदिसाने ती मान डोलावत ऐकून घेतली. पायाची एक जळू तेवढी त्याने बोलता बोलता उपटून टाकली.

गेदिसा एकोणीस वर्षं संशोधकांबरोबर झाडकांगारूंच्या मागे हिंडत होता. त्याआधी तो त्यांची शिकार करी. मग संशोधक आले, गावाने शिकार सोडली, आणि ज्याला तो प्राणी मारता येत होता त्यालाच तो मोजायचं काम मिळालं. चार माद्यांच्या गळ्यात पट्टे होते. त्यांचा ठावठिकाणा सांगायला एक महागडं यंत्र होतं; ते कुंईकुंई करायला लागायच्या आधीच गेदिसाची मान वर गेलेली असे. खोडावरच्या ओरखड्यांवरून मादी आज चढली की काल, एकटी की पिल्लू घेऊन, हे तो सांगत असे. विद्यार्थी ते वहीत लिहून घेत आणि मग खरं आहे का ते यंत्राला विचारत.

यंदा मात्र संशोधन केंद्राच्या वरच्या साहेबांकडून फर्मान आलं होतं. वाटाड्यांपैकी एकालाच कायम ठेवायचं, ज्याचं स्थानिक ज्ञान जास्त त्याला. दुसऱ्याने आपली रताळी लावावीत. ज्ञान मोजायची परीक्षाही त्यांनीच तयार करून विद्यार्थ्यांच्या टॅबमध्ये घालून पाठवली होती. केंद्राच्या प्रमुख डॉ. मर्सी बैठकीसाठी खाली लाए शहरात गेल्या होत्या, म्हणून परीक्षा घ्यायचं काम विद्यार्थ्यांतल्या टॅमसिनकडे आलं. टॅमसिन बावीस वर्षांची, आमच्याकडची पिजिन भाषा बरी बोलणारी, मनाची अगदी निर्मळ. हीच तर पंचाईत होती. वाईट माणसाशी निदान भांडता तरी येतं.

उमेदवार दोन. एक गेदिसा आणि दुसरा त्याचा मेहुणा फुआसा. फुआसाला कामाला लागून सहा महिने झाले होते. त्याला जंगलात प्राणी सापडत नसत. प्राण्यांना मात्र तो घोरण्यावरून हमखास सापडे.

परीक्षा सोपी होती. चाळीस चित्रं, प्रत्येकाचं नाव आपल्या भाषेत सांगायचं. वीस आली की पास. पण पहिलं चित्र आलंच पाहिजे, कारण ते झाडकांगारूचं. ज्याच्यासाठी एवढं केंद्र उभारलं त्या प्राण्याचं नाव ज्याला येत नाही, त्याला कायम ठेवून करायचं काय? मुद्दा बिनतोड होता.

अडचण एवढीच, की गेदिसाच्या सासऱ्याचं नाव तेच होतं.

आमच्याकडे माणसांना झाडांची, पाखरांची, जनावरांची नावं ठेवतात, आणि जावई सासऱ्याचं नाव मरेपर्यंत तोंडातून काढत नाही. सासरच्या माणसाला तांबू म्हणतात आणि निषिद्ध गोष्टीलाही तांबूच म्हणतात. लग्न झालेल्याला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. ते नाव या गोष्टीतही येणार नाही. गेदिसाची गोष्ट सांगायची आणि तेच नाव घ्यायचं, हे बरं दिसत नाही.

टॅमसिनने पहिलं चित्र समोर धरलं. "हा कोण, काका?"

"उंचावर बसणारा," गेदिसा म्हणाला. लग्न झाल्यापासून सव्वीस वर्षं तो त्याला हेच म्हणत होता.

टॅबवर लाल फुली उमटली. "हे नाव यादीत नाही. खरं नाव सांगा ना."

"ते नाही घेता यायचं. तांबू आहे."

"म्हणजे आठवत नाहीये का?"

"आठवतं गं पोरी! आठवतं म्हणून तर तोंड मिटून बसलोय. सासऱ्याचं नाव आहे ते."

टॅमसिनचे डोळे पाण्याने भरले. "किती सुंदर!" म्हणत तिने वहीची दोन पानं भरून काढली. सासऱ्याचं नाव शेजारच्या बाईला विचारलं आणि गेदिसाच्या देखत तीनदा घोकून पाठ केलं. गेदिसा जमिनीकडे बघत राहिला. मग टॅमसिनने पुन्हा टॅब हातात घेतला. त्यात रकाने दोनच होते: 'नाव सांगितलं' आणि 'ठाऊक नाही'.

"तिसरा रकाना मला काढता येत नाही हो काका," ती कळवळून म्हणाली. "आणि नियम सगळ्यांना सारखाच हवा ना?" कळवळून तिने 'ठाऊक नाही' दाबलं.

उरलेली एकोणचाळीस चित्रं गेदिसाने धडाधड सांगितली. एका पतंगाचं चित्र उलटं लावलंय, हेही सांगितलं. चाळीसपैकी एकोणचाळीस, नापास. फुआसाला तेवीस आली. पण पहिलं नाव त्याने असं खणखणीत घेतलं की छपरावरची कोंबडी खाली उतरली. बापाचं नाव घ्यायला मुलाला कसली आलीय अडचण!

घरी त्याची बायको अळकुड्या सोलत बसली होती; हावेने तिचं नाव. नवरा दारात दिसताच तिने सुरी खाली ठेवली. "एकोणीस वर्षं चिखल तुडवलास, आणि नोकरी कोणाला? माझ्या भावाला! अरे, तो चुलीजवळचं लाकूड शोधायला दोघांना बरोबर नेतो."

"मग काय करायचं होतं मी?"

"एक शब्द काढला असतास तर जीभ झडली असती का?"

"काढला असता तर पहिली तूच ओरडली असतीस."

"ओरडले असतेच! भरपाईला डुक्करही मागितलं असतं. पण कामावरच्या माणसाकडे मागितलं असतं ना! आता काय रताळी मागू?"

गेदिसाला हसू आलं, पण ते ओठांपर्यंत पोचलं नाही. उद्या त्या चार माद्यांच्या मागे फुआसा जाणार होता. त्यातल्या थोरलीच्या पिशवीत पिल्लू होतं, आणि हे अजून यंत्रालाही कळलं नव्हतं. गेदिसाला त्या रात्री जेवण गेलं नाही.

हावेने मात्र स्वस्थ बसणारी नव्हती. पहाटे उठून ती बापाच्या घरी गेली आणि काय बोलायचं ते बोलून आली.

विद्यार्थ्यांना न्यायला विमान यायचं होतं. सगळं गाव धावपट्टीशी जमलेलं. तेवढ्यात काठी टेकत म्हातारा आला. ऐंशीच्या पुढचा, डोळ्यांवर पडदा आलेला, आणि जावई हा आयुष्यात झालेला एक तोटा आहे असं सव्वीस वर्षं न चुकता मानणारा. तो थेट टॅमसिनसमोर जाऊन उभा राहिला.

"माझं नाव माझ्या आज्याने ठेवलं," तो म्हणाला. "आज मी ते खाली ठेवलं. आता ते नुसतं जनावराचं नाव. माझा त्याच्याशी संबंध नाही. त्या खालच्या गावच्या जावयाला म्हणावं, घे आता."

कोणीतरी हळूच विचारलं, "मग आजोबा, तुम्हाला काय म्हणायचं?"

"काही म्हणू नका. उरलेत किती दिवस?"

असं करता येतं हे सगळ्यांनी ऐकलं होतं, केलेलं मात्र कोणी पाहिलं नव्हतं. टॅमसिनचा आनंद गगनात मावेना. "यावर तर माझा अख्खा प्रबंध होईल!" ती पिशवीतून टॅब काढत ओरडली. "काका, फेरपरीक्षा एकदा घेता येते. या, पटकन!"

पहिलं चित्र पुन्हा समोर आलं. विमानाचा आवाज दरीतून वर येऊ लागला होता. हावेने नवऱ्याच्या पाठीत बोट खुपसून उभी होती. गेदिसाने तोंड उघडलं आणि त्याची नजर म्हाताऱ्याकडे गेली.

म्हातारा ताठ उभा होता. दात गेले, बायको गेली, बरोबरीचे सगळे गेले. हाक मारली तर ओ देण्याजोगं ते एक नाव राहिलं होतं, तेही त्याने उघड्यावर काढून ठेवलं होतं. जावई ते उचलतोय का, हे तो अंधूक डोळ्यांनी बघत होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याला या खडूस माणसाची माया वाटली.

"ठाऊक नाही," तो म्हणाला.

"काका, नीट बघा."

"बघितलं. हा प्राणी मी कधी पाहिलेलाच नाही."

पाठीतलं बोट निघालं. टॅमसिनने हिरमुसून रकाना दाबला आणि विद्यार्थी विमानाकडे पळाले. वहीत तिने जाता जाता लिहिलं, की वृद्धांच्या त्यागानंतरही पारंपरिक ज्ञान पुन्हा जागं होत नाही.

काठी फिरवून म्हातारा घराकडे निघाला, आणि वाटेत भेटेल त्याला अडवून दरडावू लागला, "ए, सांग बघू, माझं नाव काय?"

लोक मोठमोठ्याने सांगत होते. त्याच्या मागून चालणारा गेदिसा तेवढा गप्प होता.