फोरमनचा उजवा हात

अर्धांगाच्या झटक्यानं फोरमनचा उजवा हात गेला, तेव्हा त्याच्या बायकोनं चारचौघींसारखं रडून घेतलं. पण पंधराएक दिवसांनी तिच्या लक्षात आलं, की आपल्या हातून भांडं पडलं तरी आता छातीत धस्स होत नाही. सव्वीस वर्षं त्या हातानं तिनं मार खाल्ला होता. कधी भाजी खारट झाली म्हणून, कधी कारण सांगायचाही कंटाळा आला म्हणून. आता तो हात उशीवर ठेवला, की ठेवला तिथेच पडून राहायचा.

मुलगा मात्र स्वस्थ बसणारा नव्हता. त्यानं पुनर्वसन केंद्र शोधून काढलं. तिथे फोरमनला खुर्चीत बसवून डोक्याच्या डाव्या बाजूला इंग्रजी आठासारखी चुंबकाची कॉइल धरायचे. मशीन टकटक करायचं आणि दर टकटकीला त्याचा मेलेला अंगठा दचकून उडायचा.

"आपण मेंदूला हाका मारतोय," थेरपिस्ट मुलगी म्हणाली. "पण हाकेनं नुसती जाग येते. काम शिकवायचं ते व्यायामानंच. इथे एक तास, घरी तीन तास. काकू, घरचं तुमच्याकडे."

तिनं ते अगदी मनावर घेतलं. मिटलेली मूठ ती एकेक बोट सोडवत उघडायची, या वाटीतल्या गोट्या त्या वाटीत टाकायला लावायची, वहीत वेळ लिहून ठेवायची. शेजारणी म्हणायच्या, "तूच आता त्यांचा उजवा हात गं." ती हसून वेळ मारून न्यायची.

खरं काय ते तिनं फक्त बहिणीला सांगितलं होतं. "लुळ्या नवऱ्याला टाकून आली, असं कुणी म्हणायला नको मला. त्यांचं जेवण, अंघोळ, शर्टाची बटणं त्यांना जमू देत. की आलेच मी तुझ्याकडे. कायमची."

चौथ्या महिन्यात फोरमननं लाकडी फळीच्या नऊ भोकांत नऊ खुंट्या मिनिटभरात बसवल्या. थेरपिस्ट मुलीनं टाळ्या वाजवल्या. रिक्षातून घरी येताना स्वारी खुशीत होती.

"बघितलंस ना? येतोय हात," तो म्हणाला. "आता जरा जपून राहा माझ्याशी."

त्यानं थट्टाच केली होती. पण इतके दिवस गिळलेलं तिच्या तोंडातून निघून गेलं.

"येऊ द्या की. तुमची बटणं तुम्हाला लावता आली, की मी चालले बहिणीकडे. मग उगारा हात भिंतीवर."

तो घर येईपर्यंत बाहेर बघत राहिला.

दुसऱ्या दिवसापासून घरी त्याच्या हातातून चमचा गळायला लागला. गोट्या जमिनीवर घरंगळायच्या आणि ती पलंगाखाली वाकून त्या गोळा करायची. केंद्रात मात्र खुंट्या बसत होत्या.

"होतं असं कधीकधी," थेरपिस्ट मुलगी म्हणाली. "हात चालतो, पण वापरायची सवय मोडलेली असते. अजून नेट लावा, काकू."

मुलगा वही चाळत म्हणाला, "आई, तू हे खरंच करून घेतेस, की नुसतं लिहितेस?"

तिनं वही त्याच्या हातातून काढून घेतली.

एकदा सकाळी ती दूध आणायला निघाली आणि पिशवी विसरली म्हणून जिन्यातून परतली. दार नुसतं लोटलेलं होतं. फोरमन आरशासमोर उभा होता. उजव्या हातानं, जिभेचं टोक दातांत धरून, त्यानं एकेक करत पाचही बटणं लावली. कॉलर नीट केली. क्षणभर स्वतःकडे पाहिलं. मग तितक्याच सावकाश पाचही बटणं काढली, पलंगावर येऊन बसला आणि हात उशीवर ठेवून दिला.

"अगं, आलीस का?" पावलं ऐकून त्यानं हाक मारली. "बटणं लाव जरा."

तिनं लावली. पाचही. मग बॅग भरली आणि मुलाला फोन केला.

"बाबांना अशा अवस्थेत सोडून?" मुलगा म्हणाला.

"त्यांना सगळं करता येतं. मी डोळ्यांनी बघितलंय."

"मला तर घरी कधी दिसलं नाही."

"तुला कसं दिसेल?"

त्यानं वडिलांना विचारलं. फोरमननं डोळ्यांत पाणी आणून डाव्या हातानं उजवा हात उचलून दाखवला.

लोक बोलायचं ते बोललेच. मुलानं दिवसभरासाठी माणूस ठेवला. तो भरवायचा, बटणं लावायचा. फोरमनला त्याच्यासमोरही आणि केंद्रातही हात हलवता येईना, कारण हलवला असता तर बायको खरी ठरली असती. वर्षभरात बोटं वळून गेली.

बहिणीकडे ती एका लाँड्रीत इस्त्रीचं काम करत होती, तेव्हा थेरपिस्ट मुलीचा फोन आला. "काकू, त्यांना आता एकही खुंटी बसवता येत नाही. कॉइल लावली तर अंगठा अजून उडतो, पण बास. तुम्ही असतात तर हात नक्की आला असता."

"आला होता," ती म्हणाली.

पलीकडून मुलगी काय विचारत होती ते तिनं ऐकून घेतलं. मग फोन ठेवून पुढचा शर्ट इस्त्रीला घेतला.